नेटच्या डब्याचं कुलूप

२०१७ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस बीएसएनएलच्या हजारो ग्राहकांचं नेट एकाएकी बंद पडलं. तार तुटली नव्हती, एक्स्चेंज चालू होतं, बिलं भरलेली होती. बिघडला होता तो घरातला मोडेम. बातम्यांमध्ये साठ हजारांच्या आसपास मोडेमचा आकडा आला. सर्वांत मोठी ओरड कर्नाटकातून झाली. शोध घेतल्यावर कळलं, की ज्या मोडेमचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच, म्हणजे ‘अ‍ॅडमिन’ या नावाला ‘अ‍ॅडमिन’ हाच, राहिला होता, त्यांच्यात बाहेरून एक प्रोग्रॅम शिरला होता. ब्रिकरबॉट हे त्याचं नाव. तो माहिती चोरत नसे, पैसे मागत नसे. यंत्राची साठवण पुसून त्याची वीट करून टाकत असे. त्याच्या अज्ञात कर्त्याने पुढे या हल्ल्याची जबाबदारीही घेतली.

बीएसएनएलने ग्राहकांना पासवर्ड बदलण्याचं आवाहन केलं. आता मोडेम बसवायला आलेल्या लाइनमनने किती घरांत ‘या डब्याला आतून एक पान असतं, त्याचा पासवर्ड बदला’ असं सांगितलं असेल, हा प्रश्नच आहे. हल्ल्यानंतरच्या चर्चेत आणखी एक गोष्ट पुढे आली. कंपनीला ग्राहकाच्या घरातला मोडेम दुरून हाताळता यावा म्हणून टीआर-०६९ नावाची एक पद्धत २००४ पासून जगभर वापरली जाते. तिच्यासाठीचं ७५४७ क्रमांकाचं पोर्ट बाहेरच्या जगाला उघडं राहिलं होतं. म्हणजे पासवर्ड न बदलण्याचा दोष ग्राहकाच्या माथी, आणि आत यायची वाट मात्र कंपनीच्या सोयीची.

घरात असलेला, घरच्या विजेवर चालणारा, पण दुसऱ्याच्या हुकमात वागणारा हा डबा नेमका कोणाचा? त्याच्यातलं कंपनीचं सॉफ्टवेअर काढून आपल्या पसंतीचं घालता येतं का, घालावं का, आणि घातलं तर काय होतं? जगात या प्रश्नाला वीस-बावीस वर्षांचा इतिहास आहे. शाहूवाडीसारख्या तालुक्यात तो आता घरोघरी येऊन ठेपला आहे. मलकापूर, बांबवडे, सरूड या बाजाराच्या गावांत एके काळी नेट म्हणजे टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून येणारं ब्रॉडबँड. आता खांबाखांबावरून फायबर येतं. आंब्याच्या घाटमाथ्याकडे किंवा विशाळगडाच्या वाटेवरच्या विखुरलेल्या वाड्यांत, जिथं तार परवडत नाही तिथं, मोबाइलच्या रेंजवर चालणारा डोंगल किंवा हॉटस्पॉट. डबा बदलला, कंपनी बदलली, तरी आतलं सॉफ्टवेअर बदलण्याचा अधिकार ग्राहकाकडे आलेला नाही.

डब्यातलं सॉफ्टवेअर बदलण्याच्या या नादाची सुरुवात एका निळ्या-काळ्या डब्यापासून झाली. अमेरिकेतल्या लिंक्सिस कंपनीने २००२ च्या अखेरीस डब्ल्यूआरटी५४जी नावाचा वाय-फाय राउटर बाजारात आणला. घरात, छोट्या कचेरीत तो धडाक्याने खपू लागला. २००३ च्या मार्चमध्ये सिस्कोने सुमारे ५० कोटी डॉलर मोजून लिंक्सिस विकत घ्यायचं जाहीर केलं. त्यानंतर काही महिन्यांतच, जूनमध्ये, अँड्र्यू मिक्लास या प्रोग्रॅमरने लिनक्सच्या विकासकांना कळवलं, की या राउटरच्या आत लिनक्सच आहे आणि कंपनीने त्याचा सोर्स कोड कुठंही दिलेला नाही. लिनक्सचा परवाना, म्हणजे जीपीएल, फुकट वापरायला देतो. पण त्याची एक अट आहे. ज्याला प्रोग्रॅम द्याल त्याला त्याचा सोर्सही द्यावा लागतो.

सिस्कोची पंचाईत झाली ती यामुळे, की हा प्रोग्रॅम लिंक्सिसने स्वतः लिहिलेलाच नव्हता. चिप ब्रॉडकॉमची, तिच्यावर सॉफ्टवेअर जुळवण्याचं काम तैवानच्या सायबरटॅनचं, आणि लिंक्सिसचं नाव वरच्या झाकणावर. एवढ्या हातांतून फिरलेल्या मालात लिनक्स कुठून आलं, याची चौकशी करता करता काही काळ गेला. अखेर त्याच वर्षी सोर्स खुला झाला. हौशी मंडळींनी त्यावर झडप घातली. त्यांना एक फटही सापडली होती: राउटरच्या पानावर ‘पिंग’ची चाचणी घेण्यासाठी जो रकाना होता, त्यात पत्त्याऐवजी लिनक्सची आज्ञा लिहिली तर राउटर ती निमूट पाळत असे. खुला झालेला सोर्स आणि एका आळशी रकान्यामुळे उघडलेली ही वाट, यांच्या बळावर २००४ च्या जानेवारीत राउटरसाठी खुलं सॉफ्टवेअर बनवणारा ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. मागोमाग डीडी-डब्ल्यूआरटी, टोमॅटो अशी भावंडं आली. ओपनडब्ल्यूआरटीच्या जुन्या आवृत्त्यांना ‘व्हाइट रशियन’, ‘कामिकाझे’, ‘बॅकफायर’ अशी मद्यपेयांची नावं असत, आणि आत लॉगिन केलं की त्या पेयाची कृती पडद्यावर उमटे. माणसं मजेत होती.

कंपनी मात्र हिशेबात होती. २००५ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीत लिंक्सिसने लिनक्सच काढून टाकलं, व्हीएक्सवर्क्स नावाची दुसरी प्रणाली घातली आणि साठवण ४ मेगाबाइटवरून २ वर, रॅम १६ वरून ८ वर आणली. स्वस्तही पडलं आणि बाहेरच्यांचा त्रासही कमी. गिऱ्हाइकांनी इतका गलका केला, की त्याच वर्षाच्या अखेरीस जुनाच राउटर डब्ल्यूआरटी५४जीएल या नावाने पुन्हा आणावा लागला. शेवटचा ‘एल’ लिनक्सचा. हे जुनाट मॉडेल पुढे दहा वर्षांहून अधिक काळ विकलं गेलं. लोकांनी उघडलेला डबा बंद डब्यापेक्षा जास्त टिकला, हे सिस्कोच्या हिशेबनिसांनाही मान्य करावं लागलं असेल. परवान्याचा वाद मात्र चिघळत राहिला. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने २००८ च्या डिसेंबरमध्ये सिस्कोवर दावा लावला, आणि २००९ च्या मे महिन्यात तडजोड झाली.

भारतात याच सुमाराला दोन घटना एकाच महिन्यात घडल्या. २००५ च्या जानेवारीत बीएसएनएलने ‘डेटावन’ हे ब्रॉडबँड सुरू केलं. ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस, अशी सरकारी व्याख्या त्या काळची. त्याच जानेवारीच्या शेवटी केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त केला. म्हणजे वाय-फाय घराबाहेरही परवान्याशिवाय वापरायला मोकळीक मिळाली. त्याचा पहिला मोठा फायदा हिमाचलातल्या धरमशाळेत घेतला गेला. एअरजलदी या मंडळींनी डोंगरउतारावरच्या शाळा, दवाखाने आणि तिबेटी संस्था एका बिनतारी जाळ्यात गुंफल्या. यंत्रं होती तीच लिंक्सिसची, आतलं सॉफ्टवेअर बदललेली. माकडं, ऊन आणि विजेचा लपंडाव यांना तोंड देत ते जाळं उभं राहिलं. सह्याद्रीच्या धारेवर राहणाऱ्याला यात काही परकं वाटणार नाही.

महाराष्ट्राच्या गावांत मात्र हा नाद वेगळ्या दाराने शिरला, डोंगलच्या. २०१० नंतरची काही वर्षं आयडिया नेटसेटरसारखे यूएसबी डोंगल तालुक्याच्या प्रत्येक मोबाइल दुकानात टांगलेले असत. बहुतेकांच्या आत हुवावेचं यंत्र, वर कंपनीचं लेबल आणि सॉफ्टवेअरमध्ये एक कुलूप: दुसऱ्या कंपनीचं सिम घातलं की चालणार नाही. हे कुलूप उघडायचा आकडा यंत्राच्या आयएमईआयवरून गणिताने काढता येई. ते गणित बाहेर फुटलं आणि किरकोळ पैशांत ‘अनलॉक करून मिळेल’ अशा पाट्या लागल्या. एका गावात एका कंपनीची रेंज, खिंडीपलीकडे दुसऱ्या कंपनीची, अशा मुलखात हा चैनीचा खेळ नव्हता. सिम बदलता येणं म्हणजे नेट असणं.

त्याच काळात टीपी-लिंकचा एमआर३४२० हा राउटर आला. मागे यूएसबीचं तोंड, त्यात डोंगल खोचायचा आणि घरभर वाय-फाय. कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर फक्त यादीतले डोंगल ओळखत असे. ओपनडब्ल्यूआरटी घातलं की यादीबाहेरचेही चालत. हा राउटर ग्राहकाने दुकानातून पैसे मोजून घेतलेला. कोणाची परवानगी विचारायची गरज नव्हती. त्यामुळे फर्मवेअर, म्हणजे डब्यातलं मूळ सॉफ्टवेअर, बदलण्याची भारतातली बरीचशी शिकवणी अशा विकतच्या डब्यांवर झाली, कंपनीने दिलेल्यांवर नाही. ५ सप्टेंबर २०१९ ला जिओफायबर व्यापारी तत्त्वावर सुरू झालं. त्या वेळी ग्राहकाकडून २५०० रुपये घेतले जात: १५०० परत मिळणारी अनामत, १००० जोडणीचे. अनामत परत मिळणार याचा अर्थ सरळ आहे. डबा भाड्याचा.

आणि फायबरचा डबा तांब्याच्या मोडेमसारखा नसतो. लोक दोघांनाही ‘वाय-फायचा बॉक्स’ म्हणतात, पण फायबरच्या डब्यात दोन यंत्रं एकत्र असतात. एक प्रकाशाच्या तारेचं टोक, ज्याला ओएनटी म्हणतात; दुसरा नेहमीचा वाय-फाय राउटर. जीपॉन या पद्धतीत एक्स्चेंजकडून निघालेली एक तार वाटेत फुटून बत्तीस, कधी चौसष्ट घरांत जाते. खाली येणारा वेग सगळ्यांत मिळून सुमारे २.५ गिगाबिट, वर जाणारा १.२५. वर पाठवताना प्रत्येक डब्याने आपली पाळी आली की तेवढाच क्षणभर प्रकाश सोडायचा असतो. पाळी मोडून सतत प्रकाश सोडणारा एकच डबा त्या फांदीवरच्या सगळ्या घरांचं नेट पाडू शकतो. कंपन्या ओएनटीला हात लावू देत नाहीत, त्यामागच्या कारणांपैकी हे सर्वांत खरं कारण आहे. घाटातल्या फांदीवर असा बिघाड शोधत फिरणाऱ्या माणसाला विचारावं.

म्हणूनच ‘राउटर अनलॉक’ हा शब्द फसवा आहे. त्यात वेगवेगळी कुलपं मिसळलेली असतात.

सर्वांत वरचं कुलूप म्हणजे सेटिंगच्या पानाचं. ग्राहकाला जो पासवर्ड मिळतो त्याने वाय-फायचं नाव बदलता येतं, फार तर एखादं पोर्ट उघडता येतं. डीएनएस, ब्रिज मोड, दूरनियंत्रण हे रकाने दिसतच नाहीत. ते दाखवणारं दुसरं, कंपनीचं खातं असतं. अनेक मॉडेलमध्ये त्याचा पासवर्ड सगळीकडे सारखाच असल्याने तो कधीच बाहेर फुटला आहे. हे कुलूप मुळात दुबळं, आणि दुबळेपणा दोन्ही बाजूंना कापतो. घरमालक आत जातो तसाच चोरही. भारतात पुष्कळ स्थानिक पुरवठादारांनी वाटलेल्या जेनेक्सिसच्या प्लॅटिनम ४४१० या मॉडेलमध्ये २०२०-२१ च्या सुमारास गंभीर त्रुटींची नोंद झाली. त्याआधी २०१४ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने ‘मिसफॉर्च्युन कुकी’ नावाची त्रुटी उघड केली, तेव्हा जगभरातले सुमारे १ कोटी २० लाख मोडेम त्यात सापडले होते. त्या त्रुटीचं औषध चिपमागच्या सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने काही वर्षं आधीच तयार केलं होतं. ते मधल्या दुकानांतून घराघरांत पोचलंच नाही.

खालचं कुलूप सुरुवातीच्या प्रोग्रॅमचं, म्हणजे बूटलोडरचं. नव्या डब्यांत कंपनीची डिजिटल सही नसलेलं फर्मवेअर तो चालवतच नाही. अशा वेळी खटपटे लोक डब्याचे स्क्रू काढतात, आतल्या पट्टीवर सिरियल पोर्टच्या चार टाचण्यांची जागा शोधतात, तारा जोडून लॅपटॉपला लावतात आणि चालू होताना वाहणाऱ्या ओळी वाचत बसतात. त्यासाठीचं यूएसबीचं जोडयंत्र शे-दोनशे रुपयांत मिळतं. ब्रिटनमध्ये बीटी कंपनीने ग्राहकांना दिलेला होम हब ५ए हा राउटर या खेळातला नावाजलेला गडी. त्याच्या आतल्या एका ठरावीक बिंदूला जमिनीशी जोडून वीज द्यायची, की तो सिरियल तारेवरून नवा प्रोग्रॅम मागतो. मग ओपनडब्ल्यूआरटी घातलं की जुन्या बाजारात चार-दोन पौंडांना मिळणारा डबा चांगल्या राउटरइतकं काम देतो. पण हे जमलं ते त्यात लांटिक कंपनीची चिप होती म्हणून. तिचं डीएसएल खुल्या प्रणालीत चालतं.

भारतातल्या फायबरच्या डब्यांत ब्रॉडकॉम, रिअलटेक, झेडटीई, हुवावेची हायसिलिकॉन अशा चिपा असतात, आणि त्यांच्या प्रकाशाच्या भागाचे ड्रायव्हर बंदिस्त. ओपनडब्ल्यूआरटी हजाराहून अधिक मॉडेलवर चालत असलं, तरी त्यांत ओएनटी औषधापुरतेच. समजा कुलूप फोडून आत शिरलंच आणि लिनक्स बसवलंच, तरी हाती येईल तो प्रकाशाची तार न ओळखणारा राउटर. आणि त्याच्याही खाली कंपनीच्या टोकाचं कुलूप असतं: डब्याचा अनुक्रमांक किंवा नोंदणीचा संकेत एक्स्चेंजमधल्या यंत्राला पटल्याशिवाय जोडणी होत नाही. ते कुलूप घरात नसल्यामुळे घरातून उघडण्याचा प्रश्नच येत नाही. कोणी अनुक्रमांकाची नक्कल करून ते उघडू पाहील, तर तो हौशीपणा राहत नाही.

एवढी मारामारी माणसं करतात तरी कशासाठी? फुकट नेटसाठी, असा समज आहे. तो चुकीचा आहे. वेग कंपनीच्या टोकाला ठरतो, फर्मवेअर बदलून ५० एमबीपीएसचे १०० होत नाहीत. खरी कारणं वेगळी. एक म्हणजे सुरक्षेची ताजी दुरुस्ती. कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या राउटरला खुला प्रकल्प आणखी कित्येक वर्षं दुरुस्त्या पुरवतो. २०१८ च्या मेमध्ये व्हीपीएनफिल्टर नावाच्या हल्ल्यात चोपन्न देशांतले सुमारे ५ लाख राउटर आणि साठवणयंत्रं बाधित झाल्याचं उघड झालं, तेव्हा अमेरिकेच्या एफबीआयने लोकांना राउटर बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं. बहुतेकांच्या हातात त्यापलीकडे काही नव्हतं.

दुसरं कारण अधिक रोजच्या जगण्यातलं. घरात कोणी लग्नाचा व्हिडिओ अपलोड करायला लावतो आणि त्याच वेळी दुसऱ्या खोलीत पोराचा ऑनलाइन तास तुटक्या आवाजात चालतो. वेग कमी असतो असं नाही. राउटर मोठ्या फायलीचे तुकडे आपल्या साठवणीत बेसुमार भरून ठेवतो आणि बोलण्याचे छोटे तुकडे त्यांच्यामागे अडकतात. गळीत हंगामात कारखान्याच्या गेटवर उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगेमागे दुचाकी अडकावी, तसं. या दुखण्याला २०१० च्या सुमारास जिम गेटिस यांनी ‘बफरब्लोट’ हे नाव दिलं. त्यावर आयुष्याची बरीच वर्षं घालवणारे डेव्ह टॅट २०२५ च्या एप्रिलमध्ये वारले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राउटरवर प्रयोग करत तपासलेली एफक्यू-कोडेल ही पद्धत २०१२ मध्ये लिनक्समध्ये आली, तिचीच सुधारलेली ‘केक’ २०१८ मध्ये. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये दोन्ही तयार मिळतात. कंपनीच्या डब्यात असा रकाना दिसणं दुर्मीळ. कमी वेगाच्या, चढउतार असणाऱ्या जोडणीवर, म्हणजे नेमक्या डोंगराळ तालुक्यातल्या जोडणीवर, या एका सोयीचा फरक सर्वांत जास्त जाणवतो. जाहिराती घरभर अडवणं, मुलांच्या मोबाइलला रात्री दहानंतर नेट बंद करणं, पुण्या-मुंबईतल्या घराशी व्हीपीएन जोडणं, फायबर गेलं की आपोआप मोबाइलवर जाणं, ही बाकीची आमिषं.

धोकेही तितकेच रोखठोक आहेत. फर्मवेअर लिहिलं जात असताना वीज गेली तर डबा मेला, आणि पावसाळ्यात आंबा-विशाळगड पट्ट्यात वीज विचारून जात नाही. इन्व्हर्टर किंवा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस नसेल, तर हे काम आषाढात काढू नये. एकाच नावाच्या मॉडेलच्या आवृत्त्यांत चिपच वेगळी असते. झाकणाखालचा ‘व्ही’पुढचा आकडा न पाहता फाइल घातली की वीट. टीपी-लिंकचा डब्ल्यूआर८४१एन घराघरांत होता, पण त्याच्या ४ मेगाबाइट साठवणीत आणि ३२ मेगाबाइट रॅममध्ये आजचं ओपनडब्ल्यूआरटी मावत नाही. रेडिओचाही प्रश्न आहे. सॉफ्टवेअरमध्ये देश बदलून ताकद वाढवण्याची सोय दिसते, पण भारतात २.४ गिगाहर्ट्झला मर्यादा ठरलेल्या आहेत, आणि ५ गिगाहर्ट्झचे पट्टे २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये मोकळे झाले तेही अटींसह. याच मुद्द्यावर अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २०१६ मध्ये टीपी-लिंकला २ लाख डॉलरचा दंड केला. गंमत म्हणजे त्याच तडजोडीत कंपनीला खुल्या फर्मवेअरवाल्यांशी सहकार्य करायचंही कबूल करावं लागलं.

कायद्याकडे पाहिलं, तर भारतात चित्र धूसर आहे, पण अंधार नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ संगणकात ‘मालकाच्या किंवा ताबेदाराच्या परवानगीशिवाय’ शिरण्याबद्दल बोलतं. अप्रामाणिक हेतूने तेच केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. अनामत घेऊन दिलेल्या डब्याचा मालक कंपनी आहे, त्यामुळे त्याचं फर्मवेअर पुसणाऱ्याची बाजू लंगडी पडते, आणि करारभंग वेगळाच. दुसऱ्या बाजूला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ कायदेशीर ताबा असलेल्याला प्रोग्रॅम कसा चालतो ते पाहण्याची, तपासण्याची आणि दुसऱ्या प्रोग्रॅमशी जुळवण्यासाठी लागणारी माहिती काढण्याची मुभा देतं. २०१२ मध्ये आलेलं कलम ६५ए कुलूप तोडण्याला गुन्हा ठरवतं, पण हक्क मोडण्याच्या हेतूने तोडलं तर. म्हणजे स्वतः विकत घेतलेला राउटर उघडणाऱ्याला घाबरण्याचं कारण फार थोडं, आणि कंपनीचा डबा उघडणाऱ्याला पुष्कळ.

जर्मनीत हा वाद कायद्यानेच मिटवला गेला. १ ऑगस्ट २०१६ पासून तिथं ग्राहकाला आपल्या आवडीचं यंत्र लावण्याचा हक्क आहे आणि जोडणीसाठी लागणारी माहिती देणं कंपनीवर बंधनकारक आहे. फायबर कंपन्यांनी या नियमातून सूट मागितली, ती तिथल्या नियामकाने नाकारली. पुण्याहून म्युनिकला किंवा स्टुटगार्टला गेलेलं मराठी कुटुंब तिथं दुकानातून राउटर आणून लावू शकतं. सुट्टीत गावी आलं की त्याला पुन्हा कंपनीच्या डब्यासमोर बसावं लागतं. अमेरिकेत हा धागा १९६८ च्या कार्टरफोन निकालापर्यंत मागे जातो, ज्याने टेलिफोनच्या तारेला बाहेरचं यंत्र जोडायची वाट उघडली. भारतात दूरसंचार नियामक ट्रायने एप्रिल २०२० मध्ये केबल आणि डीटीएचच्या सेट-टॉप बॉक्सबाबत, एका कंपनीचा बॉक्स दुसरीकडे चालावा, अशी शिफारस केली होती. नेटच्या डब्याला तोच न्याय का लावू नये, याला तांत्रिक उत्तर सापडत नाही. फायबरच्या टोकाबद्दल कंपनीचा आग्रह समजण्यासारखा आहे. वाय-फायच्या भागाबद्दल तो नुसता सोयीचा आहे.

कंपन्यांच्या बाजूनेही एक मोठं उदाहरण उभं आहे. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये मिराई नावाच्या घुसखोर प्रोग्रॅमच्या जातीतल्या हल्ल्याने जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचे राउटर कोलमडले. त्या वेळी कंपनीने दुरुस्त फर्मवेअर झपाट्याने पाठवलं आणि जोडण्या काही दिवसांत पूर्ववत झाल्या. एकहाती नियंत्रणाचा फायदा तो हा. पण हल्ला कुठून आला? त्याच दूरनियंत्रणाच्या ७५४७ पोर्टवरून.

या सगळ्यातून व्यवहारी माणसासाठी निघणारी वाट कुलूपतोडीची नाही. कंपनीचा डबा प्रकाशाची तार सांभाळण्यापुरता ठेवायचा आणि घरचं जाळं त्याच्यामागे लावलेल्या स्वतःच्या राउटरकडे सोपवायचं. टीपी-लिंकच्या आर्चर सी६ ची काही मॉडेलं ओपनडब्ल्यूआरटीला चालतात. विकत घेण्याआधी आवृत्तीचा आकडा प्रकल्पाच्या यादीशी ताडून पाहिला म्हणजे झालं. कंपनी ब्रिज मोड करून देत असेल तर उत्तम: मग डबा नुसता पुढे ढकलण्याचं काम करतो. बीएसएनएलच्या फायबरवर ग्राहकाला स्वतःचा ओएनटीही आणता येतो, आणि जोडणी सांभाळणारा स्थानिक भागीदार बहुधा ओळखीचा केबलवालाच असतो. त्याला सांगून ब्रिज करून घेणं कॉल सेंटरशी झुंजण्यापेक्षा सोपं. घरात फोनही त्याच डब्यावर असेल, तर फोनची वाट तशीच ठेवून फक्त नेटची वाट ब्रिज करायला सांगायचं, नाही तर आजीचा लँडलाइन मुका होतो. ब्रिज नाहीच मिळाला, तर कंपनीच्या डब्याचं वाय-फाय बंद करून लॅनची तार आपल्या राउटरला द्यायची. पत्ते दोनदा बदलले जातात, एखाद्या गेमला किंवा बाहेरून कॅमेरा पाहायला अडचण येते, बाकी बहुतेक घरांना फरक कळतही नाही.

ग्रामपंचायतीतल्या भारतनेटच्या डब्याला मात्र यातलं काहीच लागू नाही. २०११ मध्ये राष्ट्रीय फायबर जाळं म्हणून मंजूर झालेली आणि पुढे भारतनेट झालेली ती योजना सार्वजनिक पैशाची. तिथला ओएनटी सरकारी मालमत्ता, त्याच्यावर दाखले आणि सातबारा अवलंबून. तिथं पासवर्ड बदललेला आहे का, एवढं ग्रामपंचायतीत विचारलं तरी पुरे.

स्वतःचा राउटर वेगळा ठेवण्याचा फायदा कंपनी बदलताना दिसतो. जोडणी सोडली की भाड्याचा डबा परत जातो आणि त्याच्यासोबत घरभरची सेटिंगं, मुलांच्या वेळा, कॅमेऱ्यांचे पत्ते, सगळं जातं. स्वतःच्या राउटरमध्ये बीएसएनएलकडून जिओकडे जाताना जोडणीचा प्रकार, यूजरनेम-पासवर्डवर चालणाऱ्या पीपीपीओईऐवजी, त्यांच्याविना चालणारा डीएचसीपी निवडावा लागतो, आणि जुनं यूजरनेम आणि पासवर्ड पुसावा लागतो. वाय-फायचं नाव तेच राहतं, त्यामुळे मोबाइल, टीव्ही आणि गोठ्यातला कॅमेरा पुन्हा जोडत बसावं लागत नाही.